अकरावा येतोय

नाशिक रोड,
२० जानेवारी २०२५

चि. तृप्ती,

जय भीम. तू फोन केलास आणि मी उचलला नाही, म्हणून तुझी मामी माझ्यावर उखडली. तिला म्हटलं, अगं, फोनवर आम्ही मामा-भाची करतो तरी काय? मी म्हणतो 'हं', ती म्हणते 'हं', मग तिच्या बसचा हॉर्न वाजतो आणि आम्ही ठेवतो. त्यापेक्षा पत्र बरं. जन्मभर सरकारी कचेरीत मराठी टाइप केलं, बोटांची सवय गेलेली नाही. मेलवर धाडतोय. पोस्टाने धाडलं तर तुमचा 'खडीमशीन' बँड आज कोणत्या गावात दळतोय हे पोस्टमनने कुठून शोधावं?

इथलं ठीक आहे. सप्टेंबरात संघर्ष गेला तेव्हापासून ठीकच आहे. लोक भेटतात, म्हणतात, काका, धीर धरा. मी म्हणतो, हो. साध्या तापाने सत्तावीस वर्षांचा मुलगा गेला आणि मला रडू आलं नाही, हे त्यांना कसं सांगू? मामीलाही आलं नाही. आम्ही दोघं जेवतो, टीव्ही लावतो, टीव्ही बंद करतो. तुझ्या बँडचा ड्रमर गेला, माझ्या फुटबॉल संघाचा लेफ्ट बॅक गेला, आणि घरात त्याचे बूट अजून दाराशी आहेत. ते ओलांडून आम्ही ये-जा करतो.

काल देवळालीच्या संघाकडून दोन-शून्य हरलो. मागे तिघे, मध्ये चौघे, पुढे दोघे, अशी मांडणी होती. दोन्ही गोल आपल्या डाव्या बाजूने झाले. पूर्वी हरलो की मला दोन दिवस घास उतरत नसे आणि तुम्ही दोघं टिंगल करायचात. काल घरी येऊन पोटभर जेवलो, वर ताकही प्यालो.

आपला कप्तान सहादू म्हणाला, "काका, असंच चाललं तर पोरं सोडून जातील. सातपूरवाले बोलावतायत त्यांना." मी म्हटलं, जाऊ दे. कॉलनीतला हा संघ मी उभा केला, तुम्ही दोघं शाळेत होतात तेव्हापासून चालवला. तो मोडेल याचं मला काही वाटत नाही. आणि वाटत नाही, याचीच आता भीती वाटायला लागली आहे.

तू काहीतरी वाद घाल. पूर्वी आपण भांडायचो आणि संघर्ष पंच व्हायचा. पंच कायम तुझ्या बाजूचा असायचा, ते सोड.

नवनाथमामा


जालना,
२७ जानेवारी

मामा,

जय भीम. पत्र बँडमधल्या चैतालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझे मामा आमच्यासाठी गाणी का लिहीत नाहीत? मी म्हटलं, ते लिहितील, पण प्रत्येक कडव्यात बचाव असेल.

पण अभिनंदन! मागे तिघे! 'मागे चार जण नसतील तर मी मैदानावर पाय ठेवणार नाही' असं म्हणणारा माणूस साठी ओलांडल्यावर तीन बॅकवर आला. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं. आता ऐका. तीन बॅक ठेवले की मध्ये पाच लागतात. दोन्ही कडांचे दोघे बॉल आपल्याकडे असताना पुढे पळतात, गेला की मागे येतात. तुम्ही मध्ये चौघेच ठेवलेत, म्हणून डावी बाजू उघडी पडली. एकाला डाव्या कडेला चिकटवून ठेवा. आणि कृपा करून बचावफळी गोलच्या दारात उभी करू नका. वर चढा. समोरच्याला बॉल घेऊन विचार करायला वेळच द्यायचा नाही.

आमचं चाललंय. जानेवारी संपेपर्यंत कॉलेजांची गॅदरिंगं, मग लग्नं नाहीत (आम्ही लग्नं घेत नाही, आम्हाला घेतही नाही कोणी), मग एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम. रोज तेच. बसमधून सामान उतरवा, वायरी जोडा, वाजवा, वायरी गुंडाळा. लोक खूश असतात. परवा एक मुलगी स्टेजजवळ येऊन रडत म्हणाली, ताई, तुमचं गाणं ऐकून अंगावर काटा आला. मी तिला थँक यू म्हटलं आणि वायर गुंडाळत राहिले. माझ्या अंगावर काही आलं नाही मामा. ऑक्टोबरपासून नाही.

मामीला सांगा, मी जेवते.

तृप्ती


नाशिक रोड,
११ फेब्रुवारी

चि. तृप्ती,

जय भीम. 'वर चढा' म्हणे. तुझं म्हणणं म्हणजे घराला कुलूप न लावता चोराच्या घरी चोरी करायला जाण्यासारखं आहे. मधला बचाव सांभाळणारा आमचा स्टॉपर रेल्वेत आहे, वय बेचाळीस, गुडघ्याला पट्टा. त्याला मैदानाच्या मध्यावर उभा केला तर परत यायला त्याला पॅसेंजर गाडी लागेल.

परवा विंचूरला जाऊन खेळलो. चार-एक. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत आमची जीप अडकली, उतरलो तोवर पोरं भाजून निघाली होती. तेच तिघे, चौघे, दोघे. डाव्या कडेला चिकटवायला मध्ये पाचवा नाही. त्यांचा उजवीकडचा पोरगा मोकळ्या रानात पळावा तसा पळत होता. मी कडेला हाताची घडी घालून उभा होतो. पूर्वी मी किती ओरडायचो, आठवतं? संघर्ष पुढे गेला की मागे यायचंच विसरायचा. 'मागे ये, मागे ये' करून माझा घसा बसायचा. आता घसा अगदी उत्तम आहे.

 परत आल्यावर सहादू जीपमधून उतरताना म्हणाला, "काका, मार्च बघू. नायतर मीच खेळायचं थांबतो." तो गेला तर संघ गेला, हे त्यालाही माहीत आहे.

मामी विचारते, तुझ्या केसांचा रंग अजून निळाच आहे का.

नवनाथमामा


अकोला,
१८ फेब्रुवारी

मामा,

जय भीम. रंग निळाच आहे, उतरत आलाय.

काल ढाब्यावर चैतालीला तुमची मांडणी समजावून सांगत होते. टेबलावर बिस्किटं मांडली. पुडीतून मोजून अकरा काढली. एक गोलकीपर. मागे तीन. मध्ये चार. पुढे दोन. आणि माझ्या हातात एक बिस्किट उरलं. म्हटलं, काहीतरी चुकलं. परत मांडलं. परत उरलं. चैतालीने ते घेऊन चहात बुडवून खाल्लं आणि म्हणाली, "तुझे मामा दहाच जण खेळवतायत."

आणि मी बावळट, तुम्हाला तीन बॅकबद्दल शाबासकी देत बसले होते. आधी वाटलं कोणाला रेड कार्ड मिळालं असेल. पण दोन्ही मॅचमध्ये? मग वाटलं, पोरं कमी पडतायत. पण सहादू म्हणतो पोरं जातील, म्हणजे पोरं आहेत.

मामा, लेफ्ट बॅकला कोण उभं राहतं?

तृप्ती


नाशिक रोड,
४ मार्च

चि. तृप्ती,

जय भीम. कोणी नाही.

नियमाला धरून आहे. सात जण असले तरी मॅच सुरू होते. पहिल्या रविवारी पंचाने विचारलं, "सर, अकरावा?" माझ्या तोंडून निघालं, "येतोय." मुद्दाम नाही म्हटलं, निघालं. पुढच्या रविवारीही तेच विचारलं, मी तेच सांगितलं. आता तो विचारत नाही, शिटी वाजवतो.

खेळाडू नाही अशातला भाग नाही. हिरामण म्हणून आहे, पेठकडचा. अंबडला कंपनीत कामाला, आपल्या कॉलनीत खोली घेऊन राहतो. पक्का डाव्या पायाचा. असा खेळाडू लोक दिवा घेऊन शोधतात. प्रत्येक सरावाला सर्वांआधी हजर, प्रत्येक मॅचला बूट बांधून बाकावर. मी त्याच्याकडे बघत नाही. विंचूरला तीन-एक झाल्यावर सहादूने सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, हिरामणला उतरवा ना." तर हिरामणच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दादा. काकांना वाटंल तवा. माला लय घाई नाय." मला त्या पोरापुढे लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. ऊन होतं, डोक्यावर रुमाल टाकला, एवढंच आठवतं.

त्या कोपऱ्यात दुसरा कोणी उभा राहिला की संपलं, असं मला वाटतं. काय संपलं, ते विचारू नकोस.

आता मी विचारतो. तू वायरींचं लिहितेस, बिस्किटांचं लिहितेस, पण ड्रमवर कोण बसतं हे तू एकदाही लिहिलेलं नाहीस. बसवला असेल कोणी तर सांग. मी रागावणार नाही.

नवनाथमामा


परभणी,
१० मार्च

मामा,

जय भीम. ड्रमवर कोणी बसत नाही. सध्या ड्रम लॅपटॉपवरून सोडतो. पुष्कळ बँड असं करतात, स्वस्त पडतं आणि बसमध्ये जागा वाचते.

दहाच खेळवायचे असतील तर मागे चौघे, मध्ये चौघे, पुढे एकच ठेवा. दोन आघाडीवाले म्हणजे दहा जणांत चैन झाली. बॉल त्यांच्याकडे द्या, आपण जागा बंद करा, आणि एकट्या सहादूला पुढे पळू द्या. हे मी माझ्या सगळ्या तत्त्वांच्या विरुद्ध जाऊन सांगतेय. पण मागे चौघे ठेवले की डाव्या कोपऱ्यात कोणीतरी उभं राहणार, आणि तुम्हाला तेच नकोय. मग माझ्याकडे मांडणी नाही मामा. अशी मांडणी कोणाकडेच नसेल.

एप्रिलच्या तेरा तारखेला संध्याकाळी आमचा कार्यक्रम नाशिक रोडलाच आहे, जयंतीच्या आदल्या दिवशी. तुम्ही आणि मामी येऊ नका. आवाज फार असतो, गर्दी असते, मामीच्या पायांना उभं राहणं झेपणार नाही. मी दुसऱ्या दिवशी वंदनेला घरीच येते.

तृप्ती


नाशिक रोड,
१५ एप्रिल

चि. तृप्ती,

काल तू वंदनेला आलीस, खीर खाल्लीस, मामीच्या पाया पडलीस, आणि बस चुकेल म्हणून निघालीस. आम्ही दोघं काही बोललो नाही. तू समजलीस की आम्ही आलो नव्हतो. आम्ही आलो होतो.

तू 'येऊ नका' लिहिलंस त्यावरून मी समजलो, की खरं तर तुम्ही नवा ड्रमर घेतलाय आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून लपवतेस. म्हटलं, जाऊन बघावं, त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून यावं. मी हिरामणला जे देऊ शकलो नाही, ते निदान त्याला द्यावं. मामी म्हणाली, मीपण येते. मागच्या बाजूला खुर्च्या मिळाल्या.

तुम्ही चौघं स्टेजवर आलात. ड्रम दिसला नाही. मग लाउडस्पीकरमधून संघर्ष म्हणाला, "एक, दोन... एक, दोन, तीन, चार." आणि गाणं सुरू झालं.

मला वाटलं, मला भास झाला. लोक नाचायला लागले होते. मी मामीकडे पाहिलं तर तिची खुर्ची रिकामी होती. ती गर्दीतून वाट काढत स्टेजकडे चालली होती. जिचे पाय दुखतात म्हणून आम्ही बाजारातून रिक्षाने येतो, ती चालली होती. मी तिच्या मागोमाग गेलो, पण माणसांत ती दिसेना. मग दिसली, स्टेजच्या मागे जाताना. तिथे जनरेटर होता, पाण्याच्या बाटल्यांचे खोके होते. तिने पडदा वर करून आत पाहिलं. मग परत आली. गाणं चालूच होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, कोणीच नाहीये तिथं."

घरी चालत आलो. मी रागावलेलो नाही. रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. फक्त हे काय होतं, एवढं सांग.

नवनाथमामा


नांदेड,
२१ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र आल्यापासून बरेचदा लिहायला बसले.

तो आवाज बाहेर जायचा नसतो. आमच्या कानात इयरफोन असतात, त्यात टिकटिक वाजते आणि गाणं कधी उचलायचं ते मोजून सांगणारा आवाज असतो. लोकांना तो कधी ऐकू येत नाही. त्या दिवशी मंडपाच्या साउंडवाल्याकडे एकच जागा रिकामी होती, म्हणून मी घाईत दोन्ही वायरी, ड्रमची आणि ही कानातली, एकाच ठिकाणी जोडल्या. दुसऱ्या गाण्याला चैतालीने खूण केली तेव्हा कानातली काढली. मला वाटलं, लोकांना जरा टिकटिक ऐकू आली असेल. बाकी माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हा आलं. खोटं का बोलू, रोज ऐकून ऐकून तो आवाज कोणाचा आहे हे माझ्या डोक्यातून गेलं होतं.

ड्रमही त्याचेच आहेत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही गाणी रेकॉर्ड केली, प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल असते. तो गेला आणि पुढच्याच आठवड्यात कार्यक्रम होता, पैसे घेतलेले होते. म्हटलं, एवढ्यापुरती त्याची फाइल लावू. बरोबर वाजली. मग पुढच्या गावी लावली. मग नवीन ड्रमर बघूच या, असं कोणी म्हणेचना. बटण मी दाबते. रोज. चौथ्या गाण्यात त्याची एक स्टिक निसटते, टक करून बाजूच्या पत्र्याला लागते. पूर्वी अशी चूक झाली की आम्ही सगळे मागे वळून त्याच्याकडे डोळे वटारायचो. आता ती रोज त्याच जागी निसटते आणि आम्ही कोणी मागे वळत नाही. लोकांना वाटतं, ते गाण्यातलंच आहे.

मामी स्टेजच्या मागे गेली, हे वाचून मी बसमधून उतरले. बस मोकळ्या रस्त्यावर उभी करायला लावली. मला वाटलं आता रडू येईल. नाही आलं, उलटी झाली.

तुम्ही पंचाला 'येतोय' म्हणता आणि मी बटण दाबते. दोघंही एकच करतोय ना आपण?

मी चैतालीला सांगून टाकलंय, यापुढे त्याची फाइल लावणार नाही. सायली म्हणून मनमाडची मुलगी आहे, वाजवते, काल आली. भयंकर वाजवते. म्हणजे खरंच भयंकर, दुसऱ्याच गाण्यात ताल सोडून भलतीकडे गेली. आम्ही चौघांनी एकदम मागे वळून पाहिलं, आणि मागे कोणीतरी होतं. घाबरलेली, घामाघूम, जीभ बाहेर काढलेली मुलगी होती. मी तिच्यावर ओरडले. कार्यक्रम झाल्यावर तिला जवळ घेतलं. मला काय झालं होतं, कळलं नाही तिला.

फाइल पुसलेली नाही. ती तुमची आहे, सांगाल तसं करेन. मामीला सांगा, मला माफ कर. नाही, सांगू नका, मी येऊन सांगते.

तृप्ती


नाशिक रोड,
५ मे

चि. तृप्ती,

जय भीम. फाइल पुसू नकोस. एका पेनड्राइव्हवर घालून आणून दे, आम्हाला ऐकायची तेव्हा आम्ही घरी ऐकू. स्टेजवर नको. मामीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला जेवायला बोलवा, माफीबिफी काय लावलंय.

काल शेवटची मॅच झाली. सहादूने आधीच सांगितलं होतं, हरलो तर स्पर्धेतून बाहेर, आणि बाहेर पडलो की पोरं आपापल्या वाटेने जाणार. सकाळीच असं ऊन होतं की मैदानातली मातीसुद्धा चटके देत होती. मामीही आली होती, छत्री घेऊन. स्टेजवाल्या त्या संध्याकाळपासून ती मला एकट्याला कुठे सोडत नाही.

पंच आला. शिटी तोंडात घालणार, तेवढ्यात मीच त्याला थांबवलं. बाकाकडे वळलो. हिरामण नेहमीसारखा बूट बांधून बसला होता. मी म्हटलं, "जा." तो म्हणाला, "कुठं काका?" त्या पोराला इतक्या महिन्यांत खरंच वाटलं नव्हतं की मी त्याला उतरवीन. मी डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.  सगळा संघ माझ्याकडे बघत होता, मग तोही तिकडे बघायला लागला. तो पळत गेला आणि तिथे उभा राहिला. मागे चौघे झाले.

खेळला सुंदर. पहिल्या हाफमध्ये डावीकडून पाखरूसुद्धा आत आलं नाही. सहादूने एक गोल मारला. तुझ्या म्हणण्याप्रमाणे आम्ही वर चढून खेळलो, स्टॉपरच्या गुडघ्याची आशा सोडून. दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी फेडला. मग शेवटी-शेवटी हिरामणला हुरूप आला. बॉल घेऊन जो सुटला तो थेट त्यांच्या कॉर्नरपर्यंत. तिथे बॉल गेला, आणि मागे सगळं रान मोकळं.

तृप्ती, मी ओरडलो. "मागे ये! हिरामण, मागे ये रे!" त्याच्याच नावाने ओरडलो. इतक्या जोरात की बाजूच्या मैदानावरची क्रिकेटवाली पोरं थांबली. तो जीव तोडून पळत आला, पण नाही पोचला. गोल झाला. दोन-एक. शिटी वाजली.

पोरं आत आली. हिरामण मान खाली घालून म्हणाला, "काका, माझं चुकलं." मी त्याला म्हणणार होतो, चालतं रे, पुढे गेलास तेच बरोबर होतं. पण मी तिथेच कडेच्या दगडावर बसलो आणि मला रडू कोसळलं. लहान पोरासारखं, तोंड उघडं टाकून. सहादू घाबरला. म्हणाला, "काका, असं काय करताय, मॅच तर होती नुसती. आम्ही कुठं जात नाय, तुम्ही रडू नका." मामी छत्री टाकून धावत आली. म्हणाली, "काय झालं? कुठं दुखतंय?"

म्हटलं, "सुला, आपण हरलो गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या शेजारी त्या तापल्या दगडावर बसली, माझा दंड घट्ट धरला, आणि तीही रडायला लागली. हमसून हमसून रडली. पोरं उन्हात भोवती उभी होती. इतक्या वर्षांत जिला ऑफसाइडसुद्धा कधी कळला नाही, ती बाई एक मॅच हरली म्हणून रडत होती.

नवनाथमामा